भिंगरीचा वापरलेला जोडा

दर रविवारी संध्याकाळी मोठे काका आमच्याकडे यायचे ते मोबाइल हातात धरूनच. अजून उंबरठ्याबाहेर असायचे, तोवर सुरू. "बघा, बघा तुमच्या लेकीचे पराक्रम!" फोटोत माझी धाकटी बहीण कुठल्यातरी टेकडीवर उभी असायची. केस विस्कटलेले, मागे धुकं आणि तोंडावर हे एवढं हसू. काका तो फोटो आधी बाबांच्या नाकासमोर धरायचे, मग माझ्या. मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "मला एक सांगा, ही तिकडे शिकायला गेलीय की हिंडायला?"

फोटो आम्हाला आधीच आलेला असायचा. घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो सगळ्यांनाच दिसतो, पण काकांच्या थाटावरून वाटावं की त्यांनी चोर रंगेहाथ पकडून आणलाय. बाबा "हं" म्हणायचे, मी चहा टाकायची. काका चहा पिऊन, "वेळीच लगाम घाला," असं बजावून निघून जायचे.

ते गल्लीच्या तोंडाशी पोचले की बाबा चष्मा शोधायला लागायचे. "आता तो दुसरा दाखव."

दुसरा फोटो फक्त माझ्या मोबाइलवर यायचा. त्यात ना टेकडी ना हसू. एखाद्या बसस्टॉपच्या बाकावर जोडा पालथा घालून ठेवलेला आणि त्याचे दोन्ही तळ जवळून टिपलेले. बाबा तो फोटो काकांच्या फोटोच्या दसपट वेळ बघायचे. मला सांगून सांगून मोठा करून घ्यायचे. "उजवा चवडा आतल्या बाजूला झुकतोय. सांग तिला." मी सांगायची. तिकडून फक्त एक शब्द यायचा, "कळलं."

तिला घरात भिंगरीच म्हणतात. पाळण्यात होती तेव्हापासून तिचे पाय कधी एका जागी थांबले नाहीत. आई लवकर गेली. आम्हा दोघींना बाबांनी आणि त्यांच्या चपला-जोड्यांच्या स्टॉलने वाढवलं. बस डेपोच्या भिंतीला टेकून उभे केलेले चार पत्रे, एक ऐरण, एक पायाने चालवायचं शिलाईयंत्र, चामडं कापायची रापी, टाके घालायची आरी आणि मेणाचा गोळा. तीस वर्षं तिथेच. समोरचा रस्ता चारदा रुंद झाला, आमचा स्टॉल मात्र जिथल्या तिथे.

बाबांची एक खोड आहे. गिऱ्हाईक चप्पल पुढे करून "पट्टा तुटलाय" म्हणतं, आणि बाबा पट्ट्याकडे बघतसुद्धा नाहीत. आधी चप्पल उलटी करतात. तळ वाचतात. एकदा डेपोचा रखवालदार आला, म्हणाला, "रात्रभर उभं राहून टाचा गेल्या हो." बाबांनी बूट पालथा केला आणि म्हणाले, "टाचा तर कोऱ्या आहेत. तू खुर्चीत बसून चवडे घासतोस." तो रखवालदार पुढे आठवडाभर आमच्यासमोरून मान खाली घालून जायचा.

दुसरी खोड त्याहून मोठी. महिन्याकाठी एखाददुसरा नवा जोडा बाबा बनवतात, ज्यांच्या पायाला बाजारातलं काही बसत नाही अशा माणसांसाठी. पण तयार जोडा ते पहिल्याच दिवशी पूर्ण करून देत नाहीत. तळाला कच्ची शिलाई घालतात आणि सांगतात, "आठ दिवस घालून फिर. मग घेऊन ये." आठ दिवसांनी जोडा मळून, दबून परत येतो. बाबा तो उलटा करतात, कुठे झिजला, कुठे दुमडला ते बघतात, शिलाई उसवतात, दुरुस्त करतात, आणि मगच पक्की शिलाई. चालून न आलेल्या जोड्याला ते जोडा म्हणतच नाहीत. कुणी कुरकुर केली, घाई आहे म्हटलं, की बाबांचं उत्तर ठरलेलं, "मग शोरूममध्ये जा. माझ्या सख्ख्या भावाचंच आहे."

तेच आमचे मोठे काका. आजोबांचा धंदा एकच, पण काका त्यातून वर चढले. वातानुकूलित दुकान, काचेची कपाटं, खाली मऊ गालिचा. गिऱ्हाईक नवा बूट घालून त्या गालिच्यावर चार पावलं टाकतं आणि "छान बसला" म्हणतं. त्या गालिच्यावर खिळ्यांचा बूटही छानच बसेल, हे मी एकदा काकांच्या तोंडावर बोलले होते. महिनाभर अबोला होता.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. भिंगरीला परदेशातल्या त्या पादत्राणांच्या संस्थेत जागा मिळाली तेव्हा कागदावर जामीन म्हणून सही काकांनीच केली. नोंदणी असलेलं दुकान किंवा नोकरी असलेला माणूस हवा होता. बाबांकडे यातलं काही नाही असं आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरलं. काकांनी सही केली, विमानतळावर रडले आणि दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगत सुटले की दीड वर्षाने आपल्या शोरूमच्या काउंटरवर परदेशात शिकलेली पुतणी उभी राहणार. भिंगरीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आणि त्या संस्थेचे फॉर्म मी दोन आणले होते, हेही इथेच सांगून टाकते, नंतर कुणी उकरून काढायला नको. एक माझा होता. पण त्याच सुमारास बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा मिटेनासा झाला. आरी धरता येईना. कुणीतरी स्टॉलवर बसायला हवं होतं, आणि थोरली मी. तेव्हापासून टाके माझे, नजर बाबांची. मी माझा फॉर्म टेकू म्हणून शिलाईयंत्राच्या पायाखाली घडी करून घातला. यंत्र हलायचं थांबलं. हेवा वाटला का? वाटला. खूप वाटला.

तिकडची संस्था कशी आहे ते मी तिच्या फोनवरूनच पाहिलं. लांबलचक कार्यशाळा, दुपारीही पांढरे दिवे, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेल्या रापी आणि पावलाचा भार मोजणारी एक चटई. विद्यार्थी पांढरे अंगरखे घालून जोडे बनवायचे, गुण मिळवायचे, आणि मग ते जोडे काचेच्या कपाटात जायचे. ते कपाट भिंगरीने मला दाखवलं तेव्हा तिचा आवाज चिडलेला होता.

"ताई, शंभरावर जोडे आहेत गं इथे. एकालाही मातीचा कण लागलेला नाही."

"मग? चांगलंय की. काकांना आवडेल."

"तेच म्हणते मी. इतक्या लांब काय काकांच्या दुकानात यायला आले का?"

शनिवार-रविवार संस्था बंद. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, दोन पलंग, कोपऱ्यात तोंड धुवायचं बेसिन, खिडकीतून दिसणारा गाड्या लावायचा पट्टा. खोलीतली दुसरी मुलगी शनिवारी दुपारपर्यंत पांघरुणातून बाहेर यायची नाही. पहिल्याच महिन्यातल्या एका शनिवारी भिंगरीने आपला पहिला जोडा पायात चढवला, सरळ कपाटातून काढून. खाली येऊन समोर आली ती बस पकडली आणि शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढलं.

बस चालवणारी बाई होती, ऐसपैस, पन्नाशीची. शेवटचा स्टॉप आला तेव्हा बसमध्ये भिंगरी एकटीच. बाई म्हणाली, "इथे बघण्यासारखं काही नाही हं. एक गोदाम आहे आणि एक कुत्रा आहे."

"रस्ता खडीचा आहे की डांबरी?" भिंगरीने विचारलं.

बाईने आरशातून तिच्या पायांकडे बघितलं. "अर्धा अर्धा," ती म्हणाली.

"मग झालं माझं काम."

अकरा किलोमीटर चालत परत आली ती. चौथ्या किलोमीटरला डाव्या टाचेचं सालटं निघालं. वाटेतल्या एका पायरीवर बसून तिने मला फोन केला. एकीकडे रडत होती, एकीकडे हसत होती. "ताई, दहापैकी नऊ गुण मिळालेत या जोड्याला! नऊ! आणि मला खाल्लं गं याने!" मी बाबांना फोन दिला. बाबांनी पायाची चौकशी केली नाही. म्हणाले, "कुठे लागला? वर की कडेला?"

तिथून तिचे शनिवार-रविवार सुरू झाले. बाकीची मुलं गाव निवडायची ती तिथे काय बघायला मिळतं ते पाहून. ही जमीन बघून गाव निवडायची. बंदराच्या गावाला गेली, कारण तिथल्या फरश्या कायम ओल्या असतात. दगडाच्या खाणीला गेली ती सुट्या खडीसाठी. दीपगृहाच्या दोनशे चौदा लोखंडी पायऱ्या चढली, उतरली, परत चढली. वरून समुद्र कसा दिसतो विचारलं तर म्हणाली, "होता की." एकदा मोठ्या वस्तुसंग्रहालयात गेली, तिथली गुळगुळीत जमीन प्रसिद्ध आहे म्हणून. सगळी माणसं भिंतींवरची चित्रं बघतायत आणि ही एकटी खाली बघत फेऱ्या मारतेय. तिथला पहारेकरी तासभर तिच्या मागे मागे फिरला. शेवटी तिने त्यालाच बूट उलटा करून दाखवायला लावला.

वर्गातल्या मुली दोनदा तिच्याबरोबर गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "तुझ्याबरोबर आलं की पायाला फोड येतात आणि एक धड फोटो मिळत नाही." तेव्हापासून ती एकटीच. एकटी म्हणजे, सोबतीला ती बसवाली होती. शेवटच्या स्टॉपवर बसवालीला दहा मिनिटं विसावा मिळायचा. एकदा तिने कुरकुरत उजवा बूट काढला. भिंगरीने तो पालथा केला. टाचेचा एकच कोपरा खाल्लेला, पायाखालचं पेडल दाबून दाबून. पुढच्या शनिवारी भिंगरीने त्या कोपऱ्याला चामड्याचा तुकडा तिरपा कापून बसवून दिला. झालं, बसवाली तिची झाली. मग तीच सांगायची, "या आठवड्यात सत्तावीस नंबरने जा. तिकडे चिखल चांगला आहे."

आणि या सगळ्याचा घरच्या ग्रुपवर जायचा तो एकच हसरा फोटो. काकांना तेवढाच दिसायचा.

वर्ष उलटलं तसा काकांचा पारा चढत गेला. एका रविवारी ते आले, बसले आणि मिशीत हसून म्हणाले, "मी पत्र लिहिलंय संस्थेला. जामीन आहे मी. म्हटलं, आमची मुलगी दर आठवड्याला उनाडते, तिला शनिवार-रविवार बाहेर सोडू नका."

मी कपबशी खाली आपटली. "काका, ती सव्वीस वर्षांची आहे."

"म्हणून तर!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. भिंगरीच. रविवारच्या या वेळेला काका आमच्याकडेच असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "आवाज मोठा कर," ती म्हणाली. मी केला.

"काका, मुख्य बाईंनी मला बोलावून तुमचं पत्र वाचून दाखवलं. मोठ्याने. सगळ्या शिक्षकांसमोर. आणि सुट्टीत कुठे जायचं ते तुझं तू ठरव, म्हणाल्या."

"बरं झालं. तुझ्या भल्यासाठीच..."

"एक विचारू? तुम्ही तीस वर्षं जोडे विकताय. तुमच्या दुकानातला नवा जोडा घालून कधी दोन कोस चाललात का?"

"मी कशाला चालू? माझ्याकडे गाडी आहे!" काका उठून उभे राहिले. "चार बुकं शिकलीस म्हणून मोठ्यांना प्रश्न विचारतेस? आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही, पायातली वहाण पायातच बरी!"

"तेच तर करतेय, काका," भिंगरी शांतपणे म्हणाली. "माझी पायातच आहे. काचेच्या कपाटात तुम्ही ठेवलीय."

बाबांना ठसका लागला. तो ठसका नव्हता हे मला माहीत आहे. काका चहा अर्धा टाकून गेले, ते पुढे दोन महिने आले नाहीत. ग्रुपवर मात्र रोज सकाळी सुविचार टाकत राहिले, सगळे आज्ञाधारकपणाचे.

मग अखेरची परीक्षा आली. प्रत्येकाने आपल्या मापाचा चालण्याचा एक जोडा करून तीन परीक्षकांपुढे ठेवायचा. त्यात पास तर प्रमाणपत्र, नाहीतर दीड वर्षं पाण्यात. भिंगरी हात रिकामे घेऊन परत आली तर कुठे उभी राहणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काउंटरवर काकांनी तिच्यासाठी उंच खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

तिने जोडा केला. आणि आमच्या घरात जोडा जसा करतात तसाच केला. कच्ची शिलाई घातली, सहा आठवडे शनिवार-रविवार घालून फिरली, तीनशे बारा किलोमीटर, खडी, चिखल, लोखंड, ओला दगड. मग उसवून दुरुस्त केला, पक्की शिलाई मारली, पुसून लख्ख केला आणि परीक्षेच्या टेबलावर नेऊन ठेवला. ओळीने बावीस कोरे करकरीत जोडे आणि मध्ये हा तिचा, टाचा झिजलेला, चवड्यावर घड्या पडलेला. इतरांचं बघून तिच्या लक्षात आलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही आलं. तिला खरंच वाटलं, बाकीच्यांचे अजून पूर्ण व्हायचेत.

मधल्या परीक्षकाने पेन्सिलीच्या टोकाने तिचा जोडा बाजूला सरकवला. हात लावला नाही. "हा वापरलेला आहे."

"हो," भिंगरी म्हणाली.

"परीक्षेला नवा जोडा आणायचा असतो."

"असं कुठे लिहिलंय?"

नियमांची सात पानं होती. तिघांनी सातही पानं उलटीसुलटी केली. तसा नियम कुठेच नव्हता, कारण असं कुणी करेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शेवटी तो पेन्सिलवाला म्हणाला, "चार दिवस देतो. नवा करून आणा. तुमचं काम चांगलं आहे, पास व्हाल."

चार दिवस. तिला दोनही पुरले असते. हात चपळ आहे तिचा, साचे तयार होते. तिने फोन केला तेव्हा मी स्टॉलवर होते, मांडीत कुणाचीतरी सँडल. तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी नाही देणार नवा."

"अगं दे ना एक करून!" मी ओरडलेच. "दोन दिवसांचं काम. त्यांना काचेत ठेवायचाय तर ठेवू देत. तुझं काय जातं? प्रमाणपत्र घे आणि मग चाल हवी तेवढी!"

"ताई, तू पण?"

हे तीन शब्द माझ्या अजून कानात आहेत. मी दीड वर्ष काकांशी भांडले ते कशासाठी, असं मलाच वाटलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी आणखी चिडले. "मग ये परत आणि बस काकांच्या खुर्चीत!"

बाबांनी माझ्या हातून फोन घेतला. "तळ दाखव," ते म्हणाले.

तिने फोटो पाठवला. बाबांनी चष्मा नाकावर चढवला. डेपोतून दोन बसगाड्या बाहेर पडल्या तरी ते बघतच होते. मला वाटलं, आता ते म्हणतील, शाब्बास पोरी, वाकू नकोस. बाबा म्हणाले, "डाव्या टाचेची बाहेरची कड अजून खातेय. पक्की शिलाई घाईने मारलीस. हा जोडा झालेला नाही."

पलीकडून भिंगरीचा फुटलेला आवाज, "बाबा! तीनशे बारा किलोमीटर चाललेय मी!"

"मग आणखी चाल."

तिने रागाने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मात्र तोच जोडा घेऊन परीक्षकांपुढे उभी राहिली. म्हणाली, "हा जोडा अपुरा आहे, हे मला मान्य आहे. डाव्या टाचेची बाहेरची कड चुकलीय. हे तुमच्यापैकी कुणाला दिसलं नाही, कारण कुणी उलटा करून बघितलाच नाही. दोन हजार मैलांवरून माझ्या बाबांना दिसलं. मी दुरुस्त करून आणते. पण नवा आणणार नाही."

निकाल लागला, अनुत्तीर्ण. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी.

सहा महिने राहायचं तर जामिनाची सही पुन्हा हवी होती. काका दोन महिन्यांनी पहिल्यांदा आले आणि ऐटीत बसले. "मी सही करणार नाही. नापास मुलीला कोण जामीन राहील? तिला म्हणावं, मुकाट्याने परत ये." बाबांनी त्यांना चहा विचारला नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टॉलचा पत्रा खाली ओढला, बाबांच्या पेटीतले पिवळे पडलेले कागद पिशवीत भरले आणि निघाले. नोंदणी असलेलं दुकान हवं ना? स्टॉलचा परवाना होता. तीस वर्षांचा, दर वर्षी शिक्का मारलेला. "त्यात काय अर्थ आहे" असं म्हणत आलो म्हणून आजवर कुणाला दाखवला नव्हता. तीन आठवडे मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून जेवणाच्या सुट्टीवर. शेवटी एका साहेबाने कागद चिमटीत धरला. "फुटपाथवरचा स्टॉल जामीन राहणार?"

"तीस वर्षं एका जागी आहे, साहेब. तेवढ्यात तुमचं हे ऑफिस तीनदा हललं. तुम्हाला शोधायला मला दोन दिवस लागले. आम्हाला शोधायला डेपोतल्या कुणालाही विचारा."

मागच्या टेबलावरचा शिपाई हसला. तो आमचा गिऱ्हाईक होता. साहेबाने शिक्का मारला. स्टॉल चालवणारी म्हणून जामिनाच्या जागी मी सही केली, माझं नाव, आणि पत्त्यात लिहिलं, बस डेपोची भिंत. त्या दिवशी चालून चालून माझ्या चपलेचा अंगठा तुटला, आणि भर रस्त्यात अनवाणी उभी राहून मी मोठमोठ्याने हसले.

भिंगरी राहिली. तिने पक्की शिलाई उसवली, टाच नव्याने बांधली, कच्चा दोरा घातला आणि चालत सुटली. बसवाली आता तिच्यासाठी शेवटच्या स्टॉपवर चार मिनिटं जास्त थांबायची. दर रविवारी तळाचा फोटो यायचा. बाबा बघायचे, म्हणायचे, "नाही." चौदा रविवार "नाही." पंधराव्या रविवारी त्यांनी फोटो बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "मार शिलाई."

फेरपरीक्षेला टेबलावर पाच जोडे होते. चार कोरे, आणि पाचवा भिंगरीचा, तोच, नऊशेच्यावर किलोमीटर चाललेला. परीक्षक तेच तिघे. मधला आला, त्याने जोडा ओळखला. क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग पेन्सिल खिशात ठेवली. दोन्ही हातांनी जोडा उचलला आणि सगळ्यात आधी उलटा केला.

भिंगरी म्हणते, तो बराच वेळ तळ वाचत होता. मग त्याने शेजारचा कोरा जोडाही उलटा केला. तिथे वाचायला काही नव्हतं. ती पास झाली.

मागच्या महिन्यात ती परत आली. विमानतळावर काकाही होते, शोरूमचं नाव छापलेली पिशवी घेऊन. भिंगरीने वाकून नमस्कार केला, पिशवी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉलवर येऊन बसली. आधी माझं माप घेतलं. आठवडाभर कुणाला काही बोलली नाही. शनिवारी रात्री माझ्यासमोर एक जोडा ठेवला, तपकिरी, साधा. मी सवयीने उलटा केला. तळ कोरा, कच्ची शिलाई.

"हा पुरा झालेला नाही," मी म्हटलं.

"तू चालल्याशिवाय कसा होईल?" यंत्राच्या पायाखालून घडी पडलेला तो जुना फॉर्म तिने काढला होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने आमच्या डेपोतून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांचे शेवटचे स्टॉप लिहिले होते. "उद्या रविवार. तू जा. स्टॉलवर मी बसते."

"उद्या? रविवारी केवढी गर्दी असते..."

"ताई."

मी गेले. तीस वर्षं डेपोच्या भिंतीला पाठ लावून बसलो आम्ही, पण त्या गाड्या जातात कुठे ते मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या स्टॉपवर उतरले. एक पाण्याची टाकी, एक बंद शाळा, आणि पुढे खडीचा रस्ता. मी चालायला लागले. तीनेक किलोमीटर झाले असतील, फोन वाजला. मोठे काका.

"अगं, हा काय प्रकार आहे? परदेशात शिकून आलेली मुलगी फुटपाथवर टाचा ठोकत बसलीय! लोक बघतायत! आणि तू कुठे आहेस?"

"ती शिकून आलीय, काका," मी म्हटलं. "मी हिंडायला आलेय."

फोन बंद करून पिशवीत टाकला. उजव्या पायाची करंगळी जरा दुखत होती. नेमकी कुठे ते नीट लक्षात ठेवलं, कारण संध्याकाळी बाबा विचारणार होते.